बाईंनी शिकवलेली उपकारस्तुती

शाळेच्या शतकोत्तर रौप्यमहोत्सवाचं निमंत्रण बॅचच्या ग्रुपवर आलं, खाली लिहिलं होतं की शाळेने तुम्हाला काय दिलं यावर माजी विद्यार्थ्यांनी मनोगत पाठवावं. मी 1987 ची दहावी. लिहायला बसले तर शाळेबद्दल एकही ओळ सुचेना, जे काय सुचलं ते सगळं बाईंबद्दलच. कोणत्या बाई हे आपल्या शाळेत सांगायची गरज नाही. मराठी शिकवायच्या, शनिवारी सकाळची उपासना घ्यायच्या, आणि ऑफिसच्या बाजूच्या खोलीत पेटी घेऊन बसायच्या त्या. त्यामुळे संपादक मंडळाने माफ करावं, इमारत, गॅदरिंग, कबड्डीची टीम यावर बाकीचे लिहितीलच, मी बाईंवरच लिहिणार आहे.

मी ख्रिस्ती घरातली, नेवासा तालुक्यातली. आजोबांपासून मिशनशी संबंध, रविवारी चर्च, जेवायच्या आधी प्रार्थना, झोपताना प्रार्थना, हे सगळं घरी होतंच. पण विश्वास म्हणजे रोजच्या दिवसात काय करायचं असतं हे मला बाईंमुळे कळलं. उपासनेत त्या फार लांब बोलायच्या नाहीत. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, म्हणजे देवाचे आभार माना, हे बायबलमधलं प्रेषित पौलाचं वाक्य फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायम लिहिलेलं असायचं, ते पुसायचं नाही असा वर्गात नियमच होता. आणि बाईंचं म्हणणं एकच, देवाचे आभार नंतर मान, आधी त्याने कोणाच्या हातून दिलं ते शोध आणि त्या माणसाकडे जा.

त्यासाठी त्यांनी ते ‘हातांचं पान’ काढलं होतं. आठवतंय ना सगळ्यांना? मराठीच्या वहीचं शेवटचं पान. शनिवारी सुट्टीच्या आधी दहा मिनिटं मिळायची, या आठवड्यात कोणकोणाच्या हातून आपल्याला काय मिळालं ते लिहायचं. आईवडील लिहिले तर चालायचं पण बाई म्हणायच्या, आता त्यांच्या पलीकडे जा. मग कोणी लिहायचं हापशाचा दांडा मारून देणारी ताई, कोणी लिहायचं सायकलचं पंक्चर काढून पैसे उद्या दे म्हणणारे चाचा. सोमवारी बाई विचारायच्या, भेटलीस का? नुसतं लिहून चालायचंच नाही, जाऊन सांगायचं. आम्हाला लाज वाटायची. मोठ्या माणसाला जाऊन तुमचे आभार म्हणायचं म्हणजे जीभच उचलायची नाही. बाई म्हणायच्या, आभार शब्द जड वाटत असेल तर नको म्हणू, त्याचं एखादं काम कर. चाचांच्या दुकानापुढे पाणी मारून ये.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं म्हणजे लिहायला बसले ती सांगते.

आमच्या वर्षी बोर्डिंगमध्ये जागा नव्हती, म्हणून आम्ही गावाकडच्या चारपाच पोरी कंपाउंडमागच्या खोल्यांत राहायचो आणि जेवणाचे डबे गावाहून एसटीने यायचे. ज्यांनी हे दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको, आई पहाटे उठून भाकरी थापायची, डबा फडक्यात बांधून त्याला नावाची चिठ्ठी लावायची, आणि गावातलं कोणीतरी तो फाट्यावर ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. ड्रायव्हर तो इंजिनाच्या झाकणाजवळ ठेवायचा, म्हणून बाजरीची भाकरी दहा वाजेपर्यंत गरम राहायची. नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर गाडी लागली की आम्ही धावत जाऊन डबा उचलायचा आणि शाळा गाठायची. ह्या कामाचे ड्रायव्हर कंडक्टर एक पैसा घ्यायचे नाहीत. कितीतरी पोरं त्या डब्यांवर शिकली, आणि हे कुठे लिहिलेलं नसतं.

नववीत असताना, पावसाळ्याचे दिवस, आमच्यातल्या एकीचा डबा गाडीत सांडला. झाकण सैल होतं, आणि आमटी सगळी खाली, पुढच्या सीटच्या पायाशी, एका प्रवाशाच्या पिशवीवर पण. आम्ही पोचलो तेव्हा कंडक्टर मामा फार चिडले होते आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं. म्हणाले, उद्यापास्न एक बी डबा गाडीत घेणार नाय, तुमच्या घरच्यांना सांगा. ती पोरगी रडायला लागली. आम्ही रिकाम्या हाताने शाळेत आलो, उशीर झाला, बाईंनी विचारलं आणि आम्ही सांगून टाकलं.

बाईंनी वर्ग शेजारच्या सरांना बघायला सांगितला, छत्री घेतली आणि आम्हाला घेऊन निघाल्या. आम्हाला वाटलं आता बाई कंडक्टरशी बोलणार, समजावणार, मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न आहे वगैरे. गाडी परत सुटायला वेळ होता. बाईंनी स्टँडच्या कँटीनमधून बादली मागितली, एक फडकं मागितलं, साडीचा पदर खोचला आणि गाडीत चढल्या. गुडघ्यावर बसून त्यांनी ती सगळी आमटी पुसली, सीटखाली हात घालून, लोखंडी पट्टीत अडकलेले डाळीचे दाणे नखाने काढून. दोनदा पाणी बदललं. गाडीत बसलेले लोक बघत होते, एक म्हातारे बाबा म्हणाले अहो बाई राहू द्या, तर बाई म्हणाल्या, आमच्याच पोरीचं सांडलंय. आम्ही खाली उभ्या. मग आम्हालाही कळलं आणि आम्ही बादल्या आणायला लागलो.

पुसून झाल्यावर बाई खाली उतरल्या, हात धुतले, आणि कंडक्टर मामा आणि ड्रायव्हर काका दोघांपुढे उभ्या राहून हात जोडले. म्हणाल्या, वर्षभर तुम्ही माझ्या पोरींना जेवायला घालताय आणि मी एकदाही येऊन तुम्हाला भेटले नाही. ड्रायव्हर काका माळकरी होते, गळ्यात तुळशीची माळ. ते म्हणाले, बाई, जेवायला त्यांच्या आया घालत्यात, आम्ही नुसतं आणतो. बाई म्हणाल्या, तुम्ही आणता म्हणून तर त्या आयांचं करणं पोचतं. बस, एवढंच बोलणं झालं. डबे बंद करू नका असं बाई एका शब्दाने म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डबे आले. काकांनी गाडीत पुढे एक लाकडी खोकं ठेवलं होतं, डबे हलू नयेत म्हणून, ते त्यांनी स्वतः आणलेलं. पुढे नाताळला बाईंनी आमच्या हातात करंज्या, शंकरपाळ्यांचा डबा दिला आणि सांगितलं, आधी स्टँडवर द्यायचा, मग चर्चच्या पाळकसाहेबांकडे.

वर्गात परत आल्यावर बाई या प्रसंगावर उपासनेत बोलल्या असत्या तर मला वाटतं आम्ही विसरलो असतो. त्या बोलल्याच नाहीत. कितीतरी दिवसांनी लूकच्या शुभवर्तमानातले दहा कुष्ठरोगी वाचताना, दहा बरे झाले आणि आभार मानायला एकच परत आला तिथे थांबून त्या आमच्याकडे नुसत्या बघत राहिल्या, आणि आम्ही पाचही जणींनी खाली बघितलं.

त्यांच्या शिकवण्यात सगळीकडे हेच असायचं. अमेरिकन मिशनरी मिस सिंथिया फरार 1839 साली नगरला आल्या, मुलींसाठी शाळा चालवल्या, 1862 ला इथेच वारल्या. जोतिराव फुल्यांनी त्या शाळा बघितल्या आणि 1848 ला पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाई शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला नगरला फरारबाईंकडे आल्या. हे आम्हाला बाईंनी सांगितलं, आणि म्हणाल्या की तुम्ही बाकावर बसता ना, तो बाक इतक्या हातांतून आलाय. सहल कुठे न्यायची तर दौंडकडच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. पंडिता रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. पण बाईंनी आम्हाला छापखान्याची गोष्ट सांगितली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, 1922 ला त्या गेल्या, आणि तिथे छपाईचं काम करणाऱ्या त्याच बायका होत्या ज्यांना कोणी घरात घेत नव्हतं. बाई म्हणाल्या, रमाबाईंचं नाव सगळे घेतात आणि घ्यायलाच पाहिजे, पण छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवणाऱ्या बाईची आठवण कोण काढणार, तुम्ही काढा. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, त्यांची भजनं तर त्या टाळ-मृदंगावरच म्हणायला लावायच्या, पण टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंबद्दल जास्त बोलायच्या. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि लक्ष्मीबाईंचा 1900 चा, मधली पाच वर्षं त्या बाईने काय काय सोसलं असेल, प्रीती सहनशील आहे हे नुसतं पाठ म्हणता येतं, असं म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या.

एक आठवण लिहू की नको असं झालं होतं पण लिहिते. आम्ही दहावीत असताना बाईंच्या धाकट्या बहिणीचं निधन झालं. चौथ्या दिवशी बाई वर्गात. फळ्यावर ते वाक्य तसंच होतं. एका मुलीने, मुद्दाम नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं की बाई, आजपण उपकारस्तुती करायची का? वर्ग सुन्न. बाई म्हणाल्या, बहीण गेली म्हणून उपकार मानायला देव सांगत नाही, तो काही निर्दयी नाही. पण ती गेल्यावर तीन दिवस माझ्या घरात चूल पेटली नाही आणि तरी आम्ही उपाशी राहिलो नाही. समोरच्या शेखभाभींनी पिठलंभात आणला, मागच्या गल्लीतल्या जोशीकाकू दूध देऊन गेल्या. ते हात मला रडताना पण दिसले पाहिजेत, एवढंच पौल म्हणतो. त्या शनिवारी त्यांनी स्वतःचं पान आम्हाला वाचून दाखवलं. मी त्यानंतर मोठमोठ्या लोकांचे संदेश ऐकलेत, कन्व्हेन्शन ऐकल्यात, पण एवढं साधं आणि एवढं खरं मला कोणी सांगितलं नाही.

दहावीनंतर मी नर्सिंगला मिरजेला गेले, डॉ. वॉन्लेस यांनी 1894 ला सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलमध्ये, फॉर्म बाईंनीच आणून दिला होता आणि फीचे पैसे कुठून आले हे मला आईने फार नंतर सांगितलं. आज मी पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये नर्सिंग सुपरिंटेंडेंट आहे, माझ्या हाताखाली दोनशेच्या वर स्टाफ आहे, मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे, प्रभूची कृपा. हे मोठेपणासाठी सांगत नाही, पण बाईंना कळावं असं वाटतं, आणि त्या आता नाहीत म्हणून शाळेला सांगते. आमच्याकडे ड्युटी बदलताना हँडओव्हर होतो, कोणत्या पेशंटला काय दिलं, कोणाचं सलाईन चालू आहे वगैरे. मी वॉर्ड इनचार्ज झाले तेव्हापासून त्यात शेवटी एक गोष्ट घातली, या शिफ्टमध्ये हाउसकीपिंगच्या कोणी काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, आणि ती मावशी किंवा मामा तिथे उभा असताना सांगायचं. नवीन पोरींना आधी विचित्र वाटतं. 2020 ला कोविड वॉर्डात आम्ही सगळे पीपीई किटमध्ये, चेहरे दिसायचे नाहीत, पाठीवर मार्करने नावं लिहिलेली. तेव्हा डॉक्टरांसाठी, आमच्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण बेडपॅन उचलणाऱ्या मावशीला तिच्या चाळीत पाण्याच्या नळावर येऊ देत नव्हते. त्या मावशीचं नाव आमच्या हँडओव्हरमध्ये रोज घेतलं जायचं. एकदा एक पेशंट, रिटायर्ड गृहस्थ, बेडवरून ते ऐकत होते, डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी बाकी कोणाला न विचारता त्या मावशीलाच नावाने हाक मारली. ती मास्कच्या आत रडली. हे बाईंचं काम आहे, माझं नाही.

मागच्या वर्षी नगरला गेले होते तेव्हा शाळेत डोकावले. नवीन इमारत छान झालीय, लॅब छान आहे, पण मन लागलं नाही. पेटीच्या खोलीत आता सर्व्हर आहे. प्रार्थना स्पीकरवर लागते, मुलं हात जोडून उभी असतात आणि कोणाचे ओठ हलत नाहीत. कडुनिंब पार्किंगसाठी गेला. एसटीचे डबे तर कधीच बंद झाले, पोरं बाहेरून मागवून खातात आणि आणून देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत पण नाहीत, मी स्वतः गेटवर बघितलं, पिशवी घेतली आणि मोबाइलमध्ये बघत आत. मला फार वाईट वाटलं. बाई असत्या तर त्या पोराला आधी पाणी विचारलं असतं.

आता समितीला एक विनंती. स्मरणिकेत संस्थापक, मुख्याध्यापक, विश्वस्त यांची यादी फोटोसह येणार असं कळलं, ती यावीच. पण त्याच्यामागे आणखी एक यादी घाला, शिपाईमामा, घंटा देणारे, बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातल्या मावश्या, झाडणाऱ्या आजी, आणि जमलं तर ते ड्रायव्हर काका आणि कंडक्टर मामा सुद्धा. मला जेवढी नावं आठवली तेवढी मी ग्रुपवर टाकली आहेत. काही ठिकाणी नुसतं हाक मारायचं नाव आहे, आडनाव माहीत नाही. जुन्या बॅचवाल्यांनी त्यात भर घालावी आणि चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं, छपाईला जायच्या आधी. पानाचा खर्च मी देते.