बार फीडर, चक आणि आखूड निघणारे नग : माझा अनुभव

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहान वर्कशॉपमध्ये दोन अक्षांच्या एका सीएनसी लेथला (संगणकीय प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथला) मागच्या बाजूने मॅगझिनचा आखूड बार फीडर, म्हणजे साठ्यातून धातूचा एकेक गज (बार) मशीनमध्ये ढकलणारे उपकरण, जोडलेला आहे. त्या मशीनची देखभाल आणि प्रोग्रॅम या दोन्ही गोष्टी माझ्याकडे आहेत. मशीनवर २१० मिमीचा तीन जॉचा हायड्रॉलिक चक, म्हणजे तेलाच्या दाबाने तीन जबड्यांत बार धरणारी पकड, आहे आणि त्यावर त्या काळात स्प्रिंग बसवण्याच्या एका प्लंजरचे काम चालू होते. माल ईएन ८ (मध्यम कार्बनचे पोलाद), बारचा व्यास २५ मिमी, नगाची लांबी ४२ मिमी आणि पुढून १२ मिमी व्यासाचे २८ मिमी खोल बंद छिद्र, असे ते काम होते. एक मीटरच्या बारमधून साधारण १९ नग निघतात. काम सोपे असल्यामुळे ते रात्रपाळीलाही निर्धास्तपणे सोपवलेले होते.

तक्रारी तीन प्रकारच्या होत्या. काही नग लांबीला आखूड येत, काहींचा पुढचा फेस (तोंडाचा सपाट पृष्ठभाग) पूर्ण साफ होत नसे, आणि मधूनच चक क्लॅम्प न झाल्याचा अलार्म येऊन मशीन उभी राहत असे. आखूड नग दिसला की ऑपरेटर झेड ऑफसेट (लांबीच्या दिशेची दुरुस्ती) हलवीत आणि जो पुढचा नग आपोआप बरोबर आला असता तो मात्र लांब निघे. त्यामुळे दोष कोणता आणि दुरुस्तीचा परिणाम कोणता, हेच कळेनासे झाले होते. तेव्हा सर्वांत आधी मी ऑफसेटला हात लावणे पूर्ण बंद करवले आणि नग खराब निघाले तरी चालतील, पण आहेत तसे हवेत, असे दोन्ही पाळ्यांना सांगितले.

ही सायकल कशी चालते ते येथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा तर्क तिच्यावर उभा आहे. पार्टिंग (तयार नग बारपासून तोडणे) झाल्यावर टरेटवरचा (हत्यारे बसवलेल्या फिरत्या डोक्यावरचा) स्टॉपर समोर येतो, चक उघडतो, फीडरचा पुशर बारला मागून ढकलतो, बार स्टॉपरला टेकतो, चक बंद होतो आणि पुशर स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या पोकळ दंडाच्या) बाहेर जातो. त्यानंतर अर्धा मिमी माल घेऊन फेसिंग, म्हणजे फेस सपाट कापणे, होते, बाहेरचा व्यास आणि छिद्र होते, आणि शेवटी ३ मिमीच्या इन्सर्टने नग तोडला जातो. म्हणजे बार थोडा कमी-जास्त बाहेर आला तरी नगाची लांबी त्यावर अवलंबून नसते. फेस शून्यावर कापला जातो आणि पार्टिंग त्या शून्यापासून ४२ मिमीवर होते. फेस स्वच्छ कापलेला असूनही नग आखूड असेल, तर बार फेसिंगनंतर मागे सरकला असला पाहिजे आणि तो दोष पकडीचा आहे. फेसवर आधीच्या पार्टिंगच्या खुणा किंवा मधोमध उरलेला उंचवटा दिसत असेल, तर बार चक बंद होण्यापूर्वीच कमी आलेला आहे आणि तो दोष फीडरच्या बाजूचा आहे. या एका फरकाने निम्मे काम झाले. मशीनजवळ दोन ट्रे ठेवले, खराब नगांची त्याप्रमाणे विभागणी केली आणि प्रत्येक नगावर तो त्या बारमधला कितवा आहे हे मार्करने लिहिण्याची पद्धत सुरू केली.

फीडरच्या सेवा विभागातील अभियंत्याने फोनवर प्रथम अलाइनमेंट तपासण्यास सांगितले होते. गुरुवारच्या सुट्टीत स्पिंडलच्या मध्यातून फीडरच्या मागच्या टोकापर्यंत तंगूस ताणून उंची आणि बाजू दोन्ही मोजल्या. त्यात बोट ठेवावे असे काही आढळले नाही. पायाचे बोल्ट घट्टच होते.

फेस साफ न झालेल्या नगांच्या ट्रेने मात्र स्वतःच उत्तर दिले. त्यातील बहुतेक नगांवर सोळा, सतरा, अठरा असे आकडे होते. बारच्या सुरुवातीचा नग त्यात क्वचितच होता. दोष पुशरच्या दाबाचा किंवा वेळेचा असता, तर तो बारभर विखुरलेला दिसला असता. शेवटी शेवटीच दिसतो याचा अर्थ बारचे मागचे टोक कोठेतरी अडत होते. बार मॅगझिनमधून काढून पाहिले तेव्हा ते शिअरवर (कातरीसारख्या यंत्रावर) तोडलेले असल्याचे स्पष्ट दिसले. शिअरमुळे टोक एका बाजूला चेपले जाते, दुसऱ्या बाजूला फुगते आणि कडेला तीक्ष्ण बर (धातूची कोर) राहते. आमच्या लायनरचे (स्पिंडलच्या आत बारला आधार देणाऱ्या नळीचे) आतले माप २६.५ मिमी आहे. तेवढ्या मोकळ्या जागेतून असे टोक स्वच्छ लायनरमध्ये कसेबसे जाते. पण चकमधून कूलंटबरोबर मागे गेलेली बारीक चीप (कापलेल्या धातूचा कीस) लायनरच्या पुढच्या भागात साचून घट्ट बसली होती आणि बार संपत आला की नेमके ते फुगलेले टोक त्या भागात पोहोचत होते. लायनर बाहेर काढून साफ केला, बार बँड सॉवर कापून घेतले आणि दोन्ही टोकांना चॅम्फर (कडेचा तिरका उतार) दिला. हा प्रकार जवळजवळ थांबला.

जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की तुरळक नग तरीही येत राहिले आणि त्यांच्यावरचे आकडे कोणत्याही क्रमात बसत नव्हते. सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमच्या एकेका ओळीला थांबत) मशीन चालवून पाहिले असता बार स्टॉपरवर आदळून किंचित मागे येतो आणि त्याच क्षणी जॉ बंद होतात, असे दिसले. यावर उपाय असा केला की स्टॉपर अंतिम जागेच्या काही मिमी अलीकडे उभा करून बार त्याला टेकू द्यायचा, मग स्टॉपर सावकाश मागे घेत अंतिम जागेवर आणायचा, म्हणजे पुशरच्या दाबाखाली बार त्याला चिकटूनच पुढे येतो, आणि तेथे अर्ध्या सेकंदाचा ड्वेल (थांबा) देऊन मगच चक बंद करायचा. येथे स्पिंडल थांबलेला असतो, त्यामुळे फीड (हत्यार सरकण्याचा वेग) प्रति फेरी न ठेवता जी ९८ या प्रोग्रॅममधील आज्ञेने प्रति मिनिट करावे लागते आणि नंतर जी ९९ वर परत यावे लागते. हे विसरले तर स्टॉपर जागच्या जागी उभा राहतो आणि मशीन अडकली असे वाटू लागते.

दुसरा ट्रे अधिक किचकट निघाला. त्यातील नगांची लांबी मोजली, मग छिद्राची खोली मोजली, आणि दोन्हींतील घट जवळपास सारखीच आढळली. बार पार्टिंगच्या वेळी सरकला असता, तर खोली बरोबर आणि लांबीच चुकीची आली असती. खोलीही तेवढीच कमी आहे याचा अर्थ ड्रिल आत जाताना बारला मागे रेटत होते. खात्रीसाठी जॉच्या तोंडाशी बारवर मार्करने गोल रेघ आणि तिला छेदणारी एक आडवी रेघ मारली, छिद्रापर्यंतची सायकल चालवली आणि दरवाजा उघडला. गोल रेघ आत गेली होती, आडवी रेघ मात्र जॉच्या त्याच कडेशी होती. म्हणजे बार फिरला नव्हता, केवळ मागे सरकला होता.

ड्रिल बदलले. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग चकच्या लाइनवर तात्पुरता गेज बसवला. पॉवर पॅकचा (तेलाला दाब देणाऱ्या पंपाच्या युनिटचा) मुख्य गेज नेहमीसारखा व्यवस्थित होता, मात्र चकच्या रिड्यूसिंग व्हॉल्व्हनंतरचा (दाब कमी करणाऱ्या झडपेनंतरचा) दाब १४ किलो (प्रति चौरस सेंमी) निघाला. आमच्या सेटअप शीटवर या कामासाठी २० किलो लिहिलेले आहे. आधीच्या एका पातळ भिंतीच्या बुशसाठी तो कमी केलेला होता आणि काम बदलताना कोणी तो परत वाढवला नव्हता. पकडीचे बळ दाबाच्या प्रमाणात असते, म्हणजे ते सरळ ७० टक्क्यांवर आले होते.

दाब वाढवूनही शंका राहिली म्हणून बारला मार्किंग ब्लू (ठसे दाखवणारा निळा रंग) लावून चक बंद करून उघडला. जॉचे ठसे मागच्या बाजूला ठळक होते आणि पुढच्या बाजूला नव्हतेच. सॉफ्ट जॉ (बारच्या मापाला कापून घेता येणारे मऊ जॉ) झिजून पुढून फाकले होते. ते पुन्हा बोअर करताना (आतून गोल कापताना) आत रिंग पकडून, कामाच्याच २० किलो दाबाखाली बोअर करावे लागतात. मोकळ्या जॉंना बोअर केले तर टी-नट आणि मास्टर जॉमधील ढिलाई तशीच राहते आणि दाब येताच जॉ पुन्हा तिरके होतात. चकला ग्रीसही बऱ्याच काळात दिलेले नव्हते. कोरड्या चकमध्ये दाबाचा मोठा हिस्सा आतल्या घर्षणातच खर्च होतो, हे माहीत असूनही ग्रीस गन हे आमच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षित अवजार आहे.

याच टप्प्यावर बारचे व्यास मायक्रोमीटरने मोजले. पूर्वीचा माल एच ९ टॉलरन्सचा (मापात चालणाऱ्या फरकाच्या श्रेणीचा) येत असे, म्हणजे २५ मिमीच्या बारला ०.०५२ मिमीपर्यंत कमी चालते. नवा माल एच ११ चा होता, ज्यात ०.१३ मिमीपर्यंत कमी चालते, आणि काही बार खरोखरच २४.८८ च्या आसपास होते. २५ मिमीला बोअर केलेल्या जॉमध्ये असा बार पूर्ण वक्रावर न बसता प्रत्येक जॉच्या मधल्या अरुंद पट्टीवरच बसतो. शिवाय चक फिरू लागला की जॉ बाहेर फेकले जाण्याचे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जी ९६ ने कापण्याचा वेग कायम १५० मीटर प्रति मिनिट ठेवला तर २५ मिमी व्यासावर मिनिटाला सुमारे १,९१० फेरे होतात, पण पार्टिंग मध्याकडे जाताना १० मिमी व्यासावर तेच ४,७७५ मागितले जातात. प्रोग्रॅममध्ये जी ५० ने घातलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा होती, ती आणखी खाली आणली. सायकल टाइम थोडा वाढला आणि त्यावरून उत्पादन विभागाशी थोडी वादावादी झाली.

अलार्मचे कारणही याच बारांत निघाले, आणि ते मला सर्वांत रंजक वाटले. चक बंद झाल्याची खात्री चक उघड-बंद करणाऱ्या रोटरी सिलिंडरच्या मागे बसवलेल्या प्रॉक्सिमिटी सेन्सरवरून होते. आमच्या चकच्या तक्त्याप्रमाणे ड्रॉ ट्यूबचा (मागे ओढली की जॉ बंद करणाऱ्या नळीचा) प्रवास १६ मिमी आणि जॉचा व्यासावरचा प्रवास ७.४ मिमी आहे, म्हणजे बार ०.१३ मिमीने बारीक असेल तर ड्रॉ ट्यूब सुमारे ०.२८ मिमी जास्त मागे जाते. सेन्सर आधीच कडेवर बसवलेला असल्यामुळे बारीक बार आला की सिग्नल तुटत असे. कंट्रोलच्या पीएमसी डायग्नॉस्टिक पानावर (मशीनचे सिग्नल दाखवणाऱ्या पानावर) तो बिट शून्य-एक, शून्य-एक असा लुकलुकताना दिसला. सेन्सर सरकवून मधोमध घेतला. तेथे जम्पर टाकून (तारेने सिग्नल कायम चालू ठेवून) मोकळे व्हावे, अशीही एक सूचना आली होती. अलार्म नक्कीच थांबला असता. पण चकने बार नीट पकडलेला नसताना स्पिंडल फिरवू न देणे एवढेच त्या सेन्सरचे काम आहे, आणि एक मीटरचा बार सुटल्यावर काय होते ते ज्यांनी पाहिले आहे ते अशी सूचना करीत नाहीत.

आता खरेदीच्या ऑर्डरवर एच ९ आणि बँड सॉ कटिंग असे स्पष्ट लिहिले जाते, आलेल्या प्रत्येक बंडलमधील काही बार तीन ठिकाणी मोजले जातात, आणि काम बदलताना चकचा दाब सेटअप शीटवर सही करून नोंदवावा लागतो. एच ९ चा माल महाग पडतो, ही पुरवठादाराची आणि आमच्या खरेदी विभागाची तक्रार अजून कायम आहे. उरलेला एच ११ चा माल ज्या कामात छिद्र नाही आणि जॉ त्याच मालाच्या मापाला बोअर केलेले आहेत, अशा एका पिनच्या कामाला लावला आणि तो तेथे विनातक्रार चालला.