आत्या, तिफण आणि नऊ माणसांचा ॲडव्हान्स

आमच्याकडे सासूबाईंना आत्या म्हणतात, नातं असो वा नसो. दिवाळीच्या सुट्टीत पोरांना एक दिवस कृषी पर्यटनाच्या शेतावर न्यायचं ठरलं. तेव्हा आत्यांनी विचारलं, "शेत बघायला पैसं?"

त्यांचंही बरोबरच आहे. मंगळवेढ्याकडची आमची जमीन वाट्याने दिलेली आहे आणि आत्या जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतात. चाळीस वर्षं रानात काढलेल्या बाईला तिकीट काढून रान दाखवायचं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? शेवटी ह्यांनी थाप मारली, "आमच्या ऑफिसातनं कुपन मिळालंय, फुकट आहे." फुकट म्हटल्यावर आत्या तयार झाल्या.

थोरल्याच्या डोक्यात मात्र हुरडा होता. मोबाईलवर बघितलेला, शेणीच्या आगटीत कणसं, वर धूर आणि शेजारी गूळ. मी तीन कृषी पर्यटन केंद्रांना फोन लावले. दोघांनी सरळ सांगितलं, हुरडा डिसेंबरपासून, आत्ता येऊन काय बघणार? तिसऱ्याने उत्साहाने यादीच वाचली. सीताफळ आहे, डाळिंब आहे, हरभऱ्याची पेरणी चालू आहे, बैलगाडी आहे, नाश्ता-जेवण-चहा सगळं धरून मोठ्यांना ६५०, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना ३५०. आमची धाकटी पाच वर्षं दोन महिन्यांची. तीन महिने आधी गेलो असतो तर ती फुकटात बसली असती. ज्येष्ठांना सवलत नाही.

आम्ही पाच आणि नणंदेकडचे चार, अशी नऊ माणसं धरली. एकूण ४,६५०, त्यातले निम्मे म्हणजे २,३२५ फोनवरूनच पाठवले. इथे मी चुकले. कोणी आलं नाही तर पैशांचं काय, हे पैसे पाठवायच्या आधी विचारायला हवं होतं. शनिवारी रात्री नणंदेचा फोन आला, धाकट्याला ताप आहे, आम्ही येत नाही. मी लगेच शेतावर कळवलं. उत्तर आलं, "ताई, ताटं धरलीत."

भाऊबीजेनंतरचा रविवार. साडेसातला निघालो. पुणे नाक्यावरून बाहेर पडलं की केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र लागतं, २००५ पासूनचं. मी पोरांना पाटी दाखवेपर्यंत गाडी पुढे गेली. सावळेश्वरचा टोल झाला, लांबोटीला चिवड्यासाठी भांडण झालं (परत येताना घेऊ, असं म्हणून आम्ही कधीच घेत नाही), सीनेच्या पुलावर आत्यांनी नेहमीप्रमाणे हात जोडले. मोहोळला ह्यांनी माहिती पुरवली की मालदांडी ३५-१ ज्वारी इथल्याच संशोधन केंद्रातली. आत्या म्हणाल्या, "मूळ बी आमच्या मंगळवेढ्याचंच की." ह्यावर वाद घालायचा नसतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आत्यांच्या लेखी ते दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली तेव्हाच मिळालं.

मोहोळ सोडल्यावर मॅपने आम्हाला कॅनॉलच्या कडेला नेऊन सोडलं. म्हशी घेऊन चाललेल्या एका मामांनी वाट दाखवली. असल्या ठिकाणी जाताना पत्त्याऐवजी शेवटच्या फाट्याची खूण विचारून घ्यावी, एवढं शिकले.

दारात झेंडूची कमान, रंगवलेले टायर आणि फोटो काढायला कडब्याची गंजी रचलेली. आत्यांनी उतरल्या उतरल्या एक पेंढी ओढून बघितली. "मागल्या सालचा हाय. उघड्यावर ठेवलाय, काळा पडलाय." पुढच्या माणसाने ‘या आजी, या’ म्हणत गुलाबाचं फूल दिलं. आत्यांनी ते धाकटीच्या केसांत खोचलं.

नाश्त्याला सुशीला होती. चुरमुरे नीट भिजवलेले, शेंगदाण्याचा कूट सढळ, मला आवडली. बैलगाडीची फेरी म्हणून जे सांगितलं होतं, ती निघाली ट्रॅक्टरची ट्रॉली. "बैल पेरणीवर आहेत ताई, दोन्हीकडं कसे जुंपणार?" उत्तर पटण्यासारखं होतं, पण मग फोनवर यादी वाचताना तसं सांगायचं ना! ट्रॉलीला पायरी नव्हती. आत्यांचा गुडघा धरतो, म्हणून त्या खालीच थांबल्या.

डाळिंबाच्या बागेत आत जायला बंदी. बाहेरून दोरी बांधलेली. थोरला हिरमुसला, पण कारण ऐकून मला उलट बरं वाटलं. तेल्या रोग पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून पसरतो, तसाच छाटणीच्या कात्र्यांतून आणि माणसांच्या ये-जा करण्यातूनही. एकदा बागेत शिरला की फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं. मृग बहाराची फळं होती, भगवा जातीची, महिन्याभरात तोडणीला येणारी. उन्हाने करपू नयेत म्हणून झाडांवर पांढरं कापड टाकलेलं. वर्षभराचा खर्च त्या कापडाखाली उभा असताना आमच्या पोरांना आत कोण सोडेल?

सीताफळाला मात्र हात लावू दिला. माणशी दोन तोडायची. झाडं ‘गोल्डन’ वाणाची, बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याहून आलेलं वाण. बाळानगर हे नेहमीचं वाण संपत येतं तेव्हा हे सुरू होतं आणि जास्त दिवस टिकतं. थोरल्याने सगळ्यात मोठं म्हणून जे तोडलं ते हिरवंगार निघालं. आत्यांनी दुसरं फळ त्याच्या नाकासमोर धरलं. "डोळं बघ. दोन डोळ्यांमधी पिवळी रेघ दिसली पायजे. डोळं मिटलेलं असलं तर फळ झोपलंय, उठवायचं न्हाई." ती पिवळट रेघ बोटाच्या नखाएवढीही रुंद नसते, पण एकदा कळली की लांबूनही दिसते. नंतर धाकटीने दोन्ही फळं बरोबर काढली. घरी आणून ज्वारीच्या डब्यात ठेवली, तिसऱ्या दिवशी मऊ झाली. थोरल्याचं ते झोपलेलं फळ तसंच काळं पडून गेलं.

मग तिफण. नांगरलेल्या एका पट्ट्यात हरभरा पेरत होते आणि पोरांना ‘पेरणीचा अनुभव’ देत होते. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिफणीला तीन फण असतात, प्रत्येकाच्या मागे एक पोकळ नळा जमिनीत उतरतो. तिन्ही नळे वर एका लाकडी वाटीला येऊन मिळतात, ते चाडं. बैल चालतात, मागून माणूस चालतो आणि चाड्यात मुठीने बी सोडतो. तीन भोकांत सारखं पडलं तर तीन तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, सारखी उगवतात. सगळं त्या मुठीवर असतं.

पोरं मूठभर हरभरा भसकन चाड्यात ओतत होती, आयाबाप फोटो काढत होते, तिफण धरणारा दादा दहा पावलं झाली की "चला, पुढचा" म्हणत होता. आत्या बांधावर बसून बघत होत्या. तिसऱ्या पोरानंतर त्यांना राहवलं नाही. "एका तासात भारा आन दोन तासं रिकामी. हे उगवल्यावर तुमचंच हसं हुईल."

दादा म्हणाला, "आजी, तुम्ही धरता का मूठ?"

आत्यांनी चपला बांधावर काढल्या, पदराची ओटी करून त्यात हरभरा घेतला, चाड्याला हात लावून कपाळाला लावला आणि तिफणीमागे उभ्या राहिल्या. बैल निघाले. मूठ चाड्यावर उभी धरलेली, बोटं जेमतेम सैल, आणि ती सारखी हलकेच फिरती. दाणे करंगळीच्या बाजूने ओघळत होते, दोन-तीन, दोन-तीन. उजवी मूठ संपत आली की डावा हात ओटीतून भरून वर येतो, मधे खंड पडत नाही. मला वाटलं त्या चाड्याकडे बघतायत. बघत नव्हत्या, ऐकत होत्या. नळ्यांतून दाणे उतरताना बारीक सळसळ होते. अर्ध्या वाटेवर त्या एकदम म्हणाल्या, "थांबीव रं." डावीकडचा नळा खाली चिखलाने तुंबला होता. यंदा हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस रेंगाळला, रानाला वापसा (पेरणीजोगी ओल) उशिरा आला, खाली माती अजून ओली. आत्यांनी काटकीने नळ्याचं तोंड मोकळं केलं आणि म्हणाल्या, "चल."

तीन फेऱ्या मारल्या. ट्रॉलीत न चढणारा गुडघा ढेकळांतून तीन फेऱ्या चालला. ह्यांनी व्हिडिओ काढायला सुरुवात केली होती, नंतर नुसतेच बघत उभे राहिले. थोरल्याला त्यांनी शेवटच्या फेरीला पुढ्यात घेतलं, त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. तो परत आला आणि कुणाशी न बोलता हाताकडे बघत बसला. हुरड्याचं नाव त्याने त्यानंतर काढलं नाही.

शेजारच्या तुकड्यात ज्वारी होती, बोटभर उगवलेली. आत्यांनी वाकून दोन रोपं बघितली आणि कधी पेरली विचारलं. "दसरा झाल्यावर, आजी. वापसाच नव्हता. हुरड्यासाठीच केलीय, सुरती आहे." आत्या "बरं" म्हणाल्या.

जेवण चांगलं होतं, त्यावर फार लिहीत नाही. चुलीवरच्या भाकरी, भरलं वांगं, दही, आणि उखळात कुटलेली शेंगाचटणी, तिला सुटलेल्या तेलासकट. वाढणाऱ्या बायका आग्रह करत होत्या. दुपारचे दोन तास वाया गेले. ऊन मी म्हणत होतं, सावलीला एकच पत्र्याचं शेड, सगळ्यांना मिळून दोन संडास. धाकटी माझ्या मांडीवर झोपली. दिवाळीच्या दिवसांत जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा आणि जेवून निघा, पाचपर्यंत थांबण्यात काही नाही.

निघताना हिशोब. मालक तिशीतला, बोलायला गोड. त्याचं म्हणणं, नऊ माणसांचे पूर्ण द्या. माझं म्हणणं, आदल्या रात्री कळवलंय. आत त्याच्या टेबलामागे पर्यटन संचालनालयाच्या नोंदणीचा कागद फ्रेम करून लावलेला. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं तेव्हापासून अशी नोंदणी होते. तो कागद बघून मला उगाच धीर आला, म्हटलं पावती तरी रीतसर मिळेल. बराच वेळ घालवून ठरलं असं, की आमच्या पाच जणांचे उरलेले १,३२५ द्यायचे आणि नणंदेच्या वाट्याचे भरलेले १,००० रुपये हुरड्याला याल तेव्हा वळते करून घ्यायचे. ते मी तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं. ह्यांना ते चिल्लरपणाचं वाटलं.

ह्या सगळ्यात मालक मोठ्याने म्हणाला, "मोठे तीन, साडेसहाशे प्रमाणं..." आत्या मागेच उभ्या होत्या. कुपनाची थाप तिथे फुटली.

आत्या ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "म्हंजी साडेसहाशे बी मीच दिलं आन पेरून बी मीच दिलं?"

मालक हसत म्हणाला, "आजी, तुम्ही दर रविवारी येत जावा. आमच्याकडं दाखवायला माणूस न्हाई."

"हजरी किती देतोस?"

तो आणखी हसला. आत्यांनी रोजाचे पैसे खरंच विचारले होते, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. मग त्याने सहा सीताफळं पिशवीत घालून दिली. गाडीत मोहोळ येईपर्यंत आत्या ह्यांच्याशी बोलल्या नाहीत. लांबोटीला त्यांनीच गाडी थांबवायला लावली, स्वतःच्या कनवटीचे पैसे काढून चिवडा घेतला आणि पोरांना दिला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या शेताचा मेसेज आला. ‘२० तारखेपासून हुरडा सुरू! आमच्या शेतातला गरमागरम हुरडा.’ खाली कणसांचा फोटो. मी आत्यांना वाचून दाखवला. त्यांनी बोटांवर मोजलं. ज्वारीला दाणा भरून हुरड्यावर यायला तीन महिने तरी लागतात. दसऱ्यानंतरची पेरणी, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष...

"लाव फोन."

मी लावला आणि हजार रुपयांची आठवण दिली. या की ताई, कधी येताय, वगैरे झालं. तेवढ्यात आत्यांनी फोन घेतला. "तुजी ज्वारी आत्ता पोटऱ्यात आसंल. मग भाजतोस ते कुणाच्या रानातलं?"

पोटऱ्यात म्हणजे कणीस अजून बाहेरही न पडलेली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "आजी, आत्ताचा इकत आणलाय. आमचा संक्रांतीनंतर निघंल."

"मग संक्रांतीनंतरच येतो."

संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार मी मागून घेतला. किती माणसं लिहू, त्याने विचारलं. मी पाच म्हणणार, तेवढ्यात आत्यांनी चार बोटं दाखवली आणि फोनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चार लिव म्हणावं. मी कामाला येते."