टोमॅटो, भाग ४ : तो करपा नव्हताच

मंडळी, मागच्या भागात टोमॅटोच्या पानांवरच्या ठिपक्यांबद्दल ‘लवकर येणारा करपा आहे, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारते आणि पंधरा दिवसांनी कळवते’ असं लिहिलं होतं. तो करपा नव्हताच. सेप्टोरिया आहे, म्हणजे पानांवर ठिपके पाडणारी दुसरी एक बुरशी, आणि गच्चीवर तो कुठून आला तेही परवा सापडलं.

शंका आली ती अर्का रक्षक या टोमॅटोच्या वाणामुळे. नऊ बॅगांपैकी चारांत ते आहे, पाचांत गावरान. बंगळूरच्या आयआयएचआर या फळं-भाज्यांवरच्या संशोधन संस्थेचं हे वाण लीफ कर्ल (पानं वळवणारा विषाणू), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक. प्रतिकारक म्हणजे रोग अजिबात लागत नाही असं नव्हे, पण गावरानाइतकेच ठिपके, दोन झाडांवर तर जास्तच? मला ते पटेना.

मग खालचं एक पान तोडलं आणि पांढऱ्या ताटलीत ठेवून नीट बघितलं. करप्याचा डाग मोठा होत जातो आणि त्यात एकात एक वर्तुळं दिसतात. इथे वर्तुळ एकही नव्हतं. दोन-तीन मिलिमीटरचे गोल ठिपके, गडद कडा, मध्ये राखाडी. त्या राखाडी भागावर भिंग धरलं आणि खसखशीहून कितीतरी बारीक काळे कण दिसले. एका ठिपक्यात सात मोजले. बुरशीच्या बीजाणूंच्या कुप्या त्या! दहा मिनिटं मी तशीच उकिडवी बसून बघत होते. भिंग रविवार पेठेतून आणलेलं, सोनार वापरतात तसलं १० पटीचं. मोबाईलला चिकटवायच्या लेन्सपेक्षा हे शंभर वेळा बरं, हात स्थिर राहतो.

खात्रीसाठी तेच पान ओल्या टिश्यूवर ठेवून डबा रात्रभर बंद केला. करपा असता तर डागांवर काळसर मखमल आली असती. उशिरा येणारा करपा असता तर पानामागे पांढरी लव. सकाळी त्या काळ्या कणांवर पांढुरके चिकट थेंब आले होते. आता वादच नाही.

बोर्डोची हकीकत थोडक्यात. १ टक्क्यासाठी लिटरला १० ग्रॅम मोरचूद (यातच तांबं असतं), १० ग्रॅम कळीचा चुना. पहिल्या वेळी लोखंडी खिळा बुडवला तर त्यावर तांबूस थर आला, म्हणजे चुना कमी पडला. दुकानदाराने दिलेला चुना जुना होता, हवा लागून भुकटी झालेला. चुना घ्याल तर खडेच घ्या, पाणी घातल्यावर उकळी फुटली पाहिजे. दुसऱ्या वेळी द्रावण निळंशार जमलं, खिळा स्वच्छ निघाला, आणि मलमलच्या फडक्यातून गाळल्यामुळे पंपाचं तोंडही तुंबलं नाही. त्या दिवशी फार बरं वाटलं. आंबट ताकाबद्दल विचारणाऱ्यांसाठी : भुरीवर मला ताकाचा अनुभव चांगला आहे, या ठिपक्यांवर मात्र तीन फवारण्या वाया गेल्या.

तरीही ठिपके वर चढतच होते. तांब्याने नव्या पानाचं रक्षण होतं, रोग लागलेलं पान काही बरं होत नाही, हे धरलं तरी वेग जास्त होता. रोज नवा बीजाणू येतोय कुठून, हा प्रश्न सुटेना. परवा पाणी घालताना बॅगेतलं आच्छादन हाताला लागलं आणि मी थांबलेच. पालापाचोळा म्हणून पसरलेल्या त्या थरात गेल्या हंगामातल्या टोमॅटोच्या वेली होत्या, मीच बारीक करून पोत्यात भरून ठेवलेल्या. सेप्टोरिया अशाच वाळक्या अवशेषांवर तग धरून राहतो. वरून पाऊस, खालून त्याचे शिंतोडे, म्हणून सुरुवात कायम खालच्या पानांपासून. पुण्यात ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला की पानं दिवसभर ओलीच राहतात, त्याला आणखी काय हवं?

नऊही बॅगांतला थर काढून कचऱ्यात दिला, कंपोस्टमध्ये नाही. खालची ठिपकेवाली पानं कात्रीने काढली, दर झाडानंतर पाती स्पिरिटने पुसली. एकदम सगळी ओरबाडली नाहीत. वर सावली उरली नाही तर फळं उन्हाने पोळतात, आणि या रोगात फळाला सहसा काही होत नाही, ते वाचवायलाच हवं. पाणी आता फक्त बुडाशी, सकाळी. नवं आच्छादन नारळाच्या शेंड्यांचं.

रविवारी तिसरी बोर्डो मारायची असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता कढीपत्त्याच्या कुंडीतली कामोणी आठवली. आपोआप उगवलेली, बुलबुल फळं खातात म्हणून ठेवलेली. तीही टोमॅटोच्याच कुळातली. उठून बघून आले : खालच्या पानांवर तसलेच ठिपके. काळे कण नक्की दिसले नाहीत, उजेड कमी होता. पान डब्यात घातलंय. सकाळी थेंब दिसले तर आधी कामोणी जाईल, मग फवारणी. बांबूच्या काठ्याही गेल्या वर्षीच्याच आहेत, त्या झाडांपासून सोडवून ब्लीचच्या पाण्यात बुडवते. सुतळी मात्र नवीनच आणेन.

दोन नंबरच्या गावरानावर शेंड्याकडची चार पानं अजून कोरी आहेत, आणि पहिल्या घोसातली पाच फळं लिंबाएवढी झाली आहेत.