ही बॅग कोणाची?

दुपारची वेळ असल्यामुळे लोकलच्या डब्यात हात हलवण्याइतकी जागा होती, तरीही दादरला चढलेल्या एका तरुणाने सवयीने आपली बॅग दारातूनच आत दिली. ती मधल्या एकाने घेऊन माझ्याकडे सरकवली, मी उठून रॅकवर ठेवली, आणि या सर्व व्यवहारात कोणी कोणाचा चेहरा पाहिला नाही. आत जेवणाचा डबा असावा, कारण आमटीचा वास येत होता. वांद्रे आले तेव्हा समोरच्या गृहस्थांनी मान वर करून विचारले, "ही बॅग कोणाची?" दारातून एक हात वर झाला आणि गृहस्थ पुन्हा पेंगू लागले.

माझ्या लहानपणी हा प्रश्न डब्यात कोणी विचारल्याचे आठवत नाही. मे महिन्यात आम्ही कोयना एक्स्प्रेसने गावी जात असू. आई आधीच पुढे गेलेली असे. कर्जतला घाटासाठी मागे इंजिने जोडली जात, तेवढ्या वेळात वडील वडे आणायला उतरत आणि उतरताना समोरच्या अनोळखी माणसाला "जरा सामानाकडे बघा हं" असे सांगून जात. त्या सामानात आम्ही दोघे भाऊही धरलेले असू. पैशाचे पाकीट मात्र ते बंडीच्या आतल्या खिशात घेऊन जात. विश्वास किती आणि कशावर ठेवायचा, याचा त्यांचा हिशेब पक्का होता.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये, फर्स्ट क्लासच्या डब्यांत, ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. बॉम्ब पिशव्यांतून आणून ठेवले होते असे तपास यंत्रणांनी सांगितले, आणि मग कितीतरी दिवस लोक बॅगा पोटाशी धरून उभे राहिले. पण विरार लोकलच्या गर्दीत पोटाशी बॅग धरणाऱ्याचा निभाव लागत नाही, म्हणून बॅगा हळूहळू पुन्हा अनोळखी हातांतून रॅकवर गेल्या. याला मुंबईचे स्पिरिट म्हणण्याची पद्धत आहे. मला त्यात जागेच्या टंचाईचा वाटा मोठा दिसतो, आणि त्यात कमीपणाही वाटत नाही. पुढे २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने दोषी ठरलेल्या १२ जणांची शिक्षा रद्द केली आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या पिशव्या कोणाच्या, हा प्रश्न असा इतकी वर्षे लोंबकळत राहिला.

त्याच वर्षी २२ एप्रिलला पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ जणांना गोळ्या घालून मारले. त्यांत आमच्याच मध्य रेल्वेवरच्या डोंबिवलीचे तिघे होते, आणि पर्यटकांना घेऊन आलेला एक स्थानिक घोडेवालाही होता. काश्मीरला जायचे की नाही यावर आमच्याकडे तेव्हापासून चर्चा चालू आहे. भाऊ म्हणतो, चौकशी करून जाऊ. मी म्हणतो, जाऊच, कारण ज्याच्या हातात आपल्या घोड्याचा लगाम असतो त्याला आपण ओळखत नसतोच, आणि दादरला बॅग घेणाऱ्यालाही ओळखत नाही. वहिनींचा काश्मीरला विरोध नाही. त्यांचा विरोध आहे तो मे महिन्यातल्या विमानभाड्याला, आणि त्यावर अजून आमच्यापैकी कोणालाही उत्तर सुचलेले नाही.