सुट्या पैशांचा धूर

माझा एक मित्र हिशेबाला फार पक्का. विजेचं बिल वाढलं की स्वतः मीटर पाहून येतो, हॉटेलच्या बिलाची बेरीज पुन्हा करतो. सिगारेटचा खर्च मात्र त्याच्या वहीत कुठेच सापडत नाही. "अरे, ते सुटे पैसे. त्यांचा काय हिशेब मांडायचा?"

मग तो मीच मांडला. रोज दहा सिगारेटी, म्हणजे वर्षाला ३,६५० आणि वीस वर्षांत ७३,०००. एवढ्या सिगारेटी एकापुढे एक ठेवल्या तर सहा किलोमीटरची रांग होते. पैशांचा आकडा ऐकून त्याने खांदे उडवले होते, पण या सहा किलोमीटरांनी तो गप्प झाला. तेवढं चालायचं म्हटलं तर हल्ली त्याला दोनदा बसावं लागतं.

त्याला धाप लागते त्यात नवल नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, म्हणजे प्राणवायूची जागा आधीच अडवून बसतो. निकोटिनची तऱ्हा आणखी बेरकी. झुरका घेतल्यावर वीसेक सेकंदांत ते मेंदूत पोचतं, आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं ओसरतं. मग पुन्हा तलफ. "सिगारेटने डोकं शांत होतं," असं मित्र म्हणतो, पण ते अशांत कोणी केलं होतं, हे तो विचारत नाही.

यापुढचा खर्च वेगळ्या खात्यांवर पडतो, म्हणून तो सिगारेटचा वाटतच नाही: दाताचा डॉक्टर, छातीचा एक्स-रे, इनहेलर, शर्टाला पडलेली भोकं. विमा कंपन्या मात्र फसत नाहीत. फॉर्मवर धूम्रपानाची चौकट त्या आठवणीने ठेवतात आणि 'हो' म्हणणाऱ्याचा हप्ता वाढवतात.

आयुष्याचाही हिशेब झालेला आहे. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच त्यांच्या सवयी विचारल्या आणि पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवलं. (फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दल डॉल यांचा पहिला संशय रस्त्यावरच्या डांबरावर होता!) पन्नास वर्षांच्या नोंदी २००४ साली प्रसिद्ध झाल्या. सिगारेट न सोडणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी भरलं. साठीला सोडली तर त्यातली तीन वर्षं वाचतात, पन्नाशीला सहा, चाळिशीला नऊ, आणि तिशीला जवळपास सगळी.

हे आकडे मी मोठ्या आशेने मित्राला वाचून दाखवले. त्याने कागद हातात घेतला, दोनदा पाहिला. तो एकोणपन्नास वर्षांचा आहे.

"म्हणजे," तो म्हणाला, "अजून वर्षभर मुदत आहे."