भांडण नसतानाची तालीम

मधल्या सुट्टीनंतर तिसरीच्या वर्गात पाऊल टाकलं की आधी तक्रारींचा पाऊस. ‘बाई, त्यानं मला खेळायला घेतलं नाही.’ ‘बाई, ती मुद्दाम माझी पेन्सिल लपवते.’ अशा वेळी मोठी माणसं दोघांना समोरासमोर उभं करून ‘चल, सॉरी म्हण’ असं फर्मावतात. मूल जमिनीकडे बघत सॉरी पुटपुटतं आणि प्रकरण मिटलं असं आपण धरून चालतो. मी ही सक्ती करत नाही. पालकसभेत त्याबद्दल हमखास प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रागानं थरथरणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला त्या क्षणी काहीच शिकवता येत नाही. थांबणं, आवेग आवरणं, पुढचा विचार करणं ही कामं बरीचशी मेंदूच्या पुढच्या भागाची, आणि तो पुरता घडायला विशी उलटावी लागते. पाढे आपण परीक्षेला बसल्यावर पाठ करत नाही, हेही तसंच. भावना ओळखायची आणि सावरायची तालीम करायची ती सगळं शांत असताना.

हजेरी झाली की आम्ही गोल करून बसतो आणि आज कसं वाटतंय ते सांगतो. सुरुवातीला उत्तरं दोनच येतात, ‘छान’ नाहीतर ‘राग आलाय’. पण रागाच्या पोटात हेवा असतो, हिरमोड असतो, भीती असते, कधी नुसती झोप झालेली नसते. एक मुलगा चित्रकलेच्या तासाला कागद टराटरा फाडायचा. तापट म्हणून त्याचं नाव झालेलं. एके दिवशी गोलात म्हणाला, ‘बाई, डोक्यात असतं तसं चित्र येतच नाही.’ दंगा कसला, ही तर निराशा! मग शिक्षेचा विषयच उरला नाही. त्याला आधी कच्च्या कागदावर काढायला दिलं आणि अर्धं चित्र मला दाखवायचं ठरलं.

भावनेला नाव दिल्यानं खरंच फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या चेहऱ्यांवरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीती-रागासारख्या भावनांना चटकन प्रतिसाद देणाऱ्या भागाची, प्रतिक्रिया मंदावत होती. प्रयोग मोठ्या माणसांवरचा आहे, पण वर्गात मला रोज त्याची आठवण होते.

‘पाथ्स’ या मुलांना भावना सांभाळायला शिकवणाऱ्या शालेय अभ्यासक्रमातली कासवाची युक्ती मुलांना फार आवडते. थांबायचं, हात छातीशी घेऊन कवचात शिरायचं, लांब श्वास घ्यायचा, मग काय झालं आणि कसं वाटतंय ते सांगायचं. आम्ही लुटुपुटूची भांडणं लावून याचा सराव करतो, भूमिका बदलून. ढकलणाऱ्याला ढकलला गेलेला व्हावं लागतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. पुढे खरं भांडण झालं तर मी एवढंच विचारते, ‘आता काय केलंस तर त्याला बरं वाटेल?’ कुणी तुटलेला मनोरा पुन्हा रचून देतं, कुणी शेजारी जाऊन बसतं.

‘अशानं अभ्यास मागे पडेल ना?’ ही काळजी मला समजते. मानसशास्त्रज्ञ जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये भावना सांभाळणं आणि इतरांशी जुळवून घेणं शिकवणाऱ्या अशा 213 शालेय उपक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत 2 लाख 70 हजारांवर मुलं होती. उपक्रमात नसलेल्या मुलांच्या तुलनेत त्यांची अभ्यासातली प्रगती 11 पर्सेंटाइलनं, म्हणजे शंभरातल्या क्रमात अकरा पायऱ्यांनी, वाढलेली दिसली. वर्गशिक्षकांनी स्वतः राबवलेले उपक्रमही परिणामकारक ठरले, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र टप्प्याटप्प्यानं आणि प्रत्यक्ष कृतीतून शिकवायला हवं. भिंतीवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता लावून भागत नाही.

मला खरी काळजी असते ती कधीच तक्रार न करणाऱ्या मुलांची. गोलात ‘आज नको’ म्हणायची मुभा सगळ्यांना आहे, आणि ती बहुतेक वेळा हीच मुलं घेतात. त्यांच्यासाठी कोपऱ्यात चिठ्ठ्यांची पेटी ठेवली आहे. चिठ्ठ्या मी वर्गात वाचून दाखवत नाही, आणि घरी सांगण्याआधी त्या मुलाला विचारते. कुणी मारत असेल किंवा मूल धोक्यात असेल तर मात्र मी गप्प बसणार नाही, हे पेटी ठेवली त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं आहे.