कीमोच्या गोळ्या, पुसलेला अंगठा आणि आयुष्मानची खिडकी

घरात कुणाला कॅपेसिटाबीनच्या, म्हणजे कॅन्सरवरच्या कीमोच्या गोळ्या सुरू होणार असतील, तर पहिली गोळी पोटात जायच्या आत आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का ते बघून घ्या. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

माझी मावशी इंदूरला रामबागेत चार-पाच घरी पोळ्या करते. काका गेल्यापासून एकटीच राहते. तिला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. रेशनची पात्रता पर्ची होती, तिच्या आधारावर आयुष्मान कार्डही आधीच काढलेलं होतं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, खिशातून काही गेलं नाही. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं कव्हर आमच्यासारख्यांना लहान नाही, तेव्हा योजनेला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. राग आहे तो एका खिडकीचा.

कीमोचा क्रम असा होता: दर तीन आठवड्यांनी एक दिवस सलाइनमधून ऑक्झालिप्लॅटिन, त्या दिवसापासून १४ दिवस दोन्ही वेळ जेवणानंतर कॅपेसिटाबीन, मग आठवडाभर सुट्टी. सलाइननंतर गार पाण्याला हात लागला की तिच्या बोटांत झिणझिण्या यायच्या, म्हणून कणीकसुद्धा कोमट पाण्यात भिजवायची. तीन आठवड्यांची एक सायकल, अशा दोन-तीन सायकलींनंतर तळहात लालभडक झाले, मग बोटांच्या पेरांची सालं सुटायला लागली. डॉक्टर म्हणाले, याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात, युरियाचं मलम लावा, फारच वाढलं तर डोस कमी करू. बोटांवरचे ठसेच पुसले जाऊ शकतात, हे मात्र कुणी बोललं नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने ती बाब किरकोळ असेल. पण आमच्या इस्पितळात दर सायकलला नवी मंजुरी घ्यावी लागायची, आणि मंजुरीला अंगठा.

"अंगूठा नहीं आ रहा माताजी, पोंछ के लगाओ."

मावशीने पदराला पुसून लावला. मग दुसरा अंगठा, मग तर्जनी, मग दहाही बोटं. यंत्र दर वेळी लाल दिवा दाखवायचं. मागे रांग, रांगेत डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. खिडकीतल्या मुलाने विचारलं, "बरतन मांजती हो क्या?" मावशी ताडकन मराठीतून म्हणाली, "पोळ्या करते, भांडी नाही घासत." त्याला कळलं नाही ते बरंच झालं.

मी म्हटलं, डोळ्यांनी होतं ना? तर डोळ्यांचं मशीन बिघडलेलं. ओटीपी पाठवा? तो गेला काकांच्या जुन्या नंबरावर. तो नंबर कधीच बंद पडला होता आणि कंपनीने दुसऱ्या कुणाला देऊनही टाकला होता. मी फोन लावून त्या माणसाला ओटीपी विचारला, त्याने फोन आपटला. बरोबरच केलं त्याने. शेवटी खिडकीतून तोडगा आला: "कैश जमा कर दो, बाद में देखेंगे." पोळ्या करणाऱ्या बाईने कॅश कुठून जमा करायची, हे काही तो बोलला नाही. त्या दिवशी सलाइन लागलं नाही.

मग आधार सेंटर. नंबर बदलायचाय म्हटल्यावर ऑपरेटरने यंत्र पुढे सरकवलं, "अंगूठा लगाइए." अंगठा येत नाही म्हणूनच तर नंबर हवाय, हे मी त्याला हिंदीत, मग मोठ्याने हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, पहले उंगलियाँ ठीक करवा के आओ. बोटं कधी ठीक होतील, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गोळ्या बंद झाल्या की हळूहळू त्वचा भरून येते. म्हणजे मंजुरी मिळायला गोळ्या थांबवायच्या, आणि मंजुरी हवी कशाला, तर गोळ्या चालू ठेवायला. मी एमटी क्लॉथ मार्केटात हिशेब लिहितो, अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली की शेठजींचं तोंड बघवत नाही. त्या आठवड्यात ते तोंड मी पुष्कळ बघितलं.

तोवर तोच अंगठा दुसरीकडेही नडायला लागला होता. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानात महिन्याचं ५ किलो धान्य अडलं. कल्याणी (विधवा) पेन्शनचे ६०० रुपये ती घराजवळच्या बँक कियोस्कवर अंगठ्याने काढायची, तेही अडले. पेन्शनचा उपाय सोपा निघाला: कियोस्क सोडा, शाखेत जा, विड्रॉल फॉर्मवर सही करा. सोलवटलेल्या बोटांत पेन धरताना तिला त्रास झाला, पण पैसे हातात आले.

गाडी हलली ती डे-केअरमधल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंमुळे. त्यांनी लेटरहेडवर औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख, आणि 'या औषधाच्या ज्ञात दुष्परिणामामुळे बोटांचे ठसे उमटत नाहीत' एवढं लिहून सही-शिक्का दिला. हे पत्र मागून घ्या, कुणी आपणहून देत नाही. त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढा, मूळ प्रत कुणालाही देऊ नका. मग मी १४५५५ या आयुष्मानच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक मोठ्या अक्षरात कागदावर लिहिला, पत्र त्याला टाचलं आणि दोन्ही खिडकीत सरकवले. सोबत आधार प्राधिकरणाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं. ठसे जुळले नाहीत तर डोळे, ओटीपी किंवा दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून लाभ द्यायचा, असं त्यात आहे. सुप्रीम कोर्टाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही ठसे जुळत नाहीत म्हणून कुणाचा हक्क अडता कामा नये, ही बाजू आलेली आहे. परिपत्रक त्या मुलाने वाचलं असेल असं वाटत नाही. तक्रार क्रमांक मात्र वाचला. उठून आत गेला आणि साहेबांचा मोबाइल घेऊन आला. त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय होती! मावशीने कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावले, झालं. आमचा आख्खा आठवडा जिच्यासाठी गेला ती सोय त्यांच्याच ड्रॉवरमध्ये होती.

एवढ्यावर भागवू नका. पुढच्या वेळी साहेब रजेवर असले की पुन्हा पहिले पाढे. आम्ही वॉर्डातलं छोटं सेंटर सोडून, ऑनलाइन वेळ घेऊन मोठ्या आधार सेवा केंद्रात गेलो. तिथे डॉक्टरांचं पत्र बघून डोळ्यांवरून काम झालं. फी १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. आता नंबर मावशीचा स्वतःचा आहे आणि ओटीपी तिच्याच फोनवर येतो. समग्र आयडीतही (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) तोच नंबर टाकून घेतला, नाहीतर पात्रता पर्चीच्या ई-केवायसीला पुन्हा अडलं असतं.

कॅशबद्दल राहिलंच. आयुष्मानमध्ये मंजूर असलेल्या उपचारासाठी पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. तरीही भरायची वेळ आली तर पक्की पावती घ्या, साध्या चिठ्ठीवर भरू नका. इस्पितळ ऐकत नसेल तर १८१ ही सीएम हेल्पलाइन आहे, आणि कलेक्टर कचेरीत मंगळवारची जनसुनवाई. तिथे रांगेत फाइल उघडून उभं राहिलं की काम लवकर पुढे सरकतं, हा मी बघितलेला अनुभव. फाइलमध्ये बायोप्सीचा रिपोर्ट सगळ्यात वर ठेवा.

मुंबईला टाटाला जाणाऱ्यांसाठी: इस्पितळातून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म भरून, शिक्का मारून घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला तिकीट माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. तिकीट रिझर्व्हेशनच्या खिडकीवर काढायचं. इथे कुणी अंगठा मागत नाही.

कंट्रोलच्या दुकानाचं अजून चालू आहे. एकट्या, आजारी माणसाला नॉमिनी लावता येतो, म्हणजे त्याच्या वतीने दुसऱ्याने अंगठा लावून धान्य आणायचं. मावशीने माझं नाव दिलंय. त्या अर्जावर अर्जदाराचा अंगठा मागितला तर सही करते म्हणून सांगायचं, आणि डॉक्टरांच्या पत्राची झेरॉक्स पुढे करायची.